आठवड्याच्या पगारात समुद्रकिनारी सुट्टी

नमस्कार मंडळी! वेल्समधलं बॅरी आयलंड. पाऊस लागलाय आणि एक कुटुंब मुलाबाळांसकट रस्त्यावर भिजत हिंडतंय. खोलीचे पैसे भरलेत, पण घरमालकीणबाईंचा नियम असा की नाश्ता झाला की बाहेर पडायचं आणि दिवसभर तोंड दाखवायचं नाही! बिली बटलिननं हे पाहिलं. जत्रांत खेळांचे स्टॉल लावणारा हा माणूस. ती भिजलेली माणसं त्याच्या मनातून गेली नाहीत आणि त्यातूनच त्याच्या हॉलिडे कॅम्पची कल्पना निघाली.

तसे हॉलिडे कॅम्प, म्हणजे सुट्टीत राहायच्या वसाहती, आधीही होत्या. आयल ऑफ मॅन या बेटावर १८९४पासून तंबूंचा कॅम्प चालायचा, पण तो फक्त पुरुषांसाठी. बटलिननं १९३६ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्केगनेसला कॅम्प उघडला तो अख्ख्या कुटुंबासाठी. राहणं, तिन्ही वेळचं जेवण आणि करमणूक, आठवड्याचा दर ३५ शिलिंगांपासून पुढे. जाहिरातच होती, आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी! तेव्हा बहुतेक कामगारांचा रजेतला पगार कापला जायचा. पगारी रजेचा कायदा १९३८मध्ये आला आणि या कॅम्पना मोठाच आधार मिळाला.

सुरुवातीला पाहुणे नुसतेच बसून राहायचे, एकमेकांशी बोलेनात. मग बटलिननं नॉर्मन ब्रॅडफर्ड या आपल्या माणसाला सगळ्यांना हसवायला, खेळात ओढायला सांगितलं. त्यातूनच पाहुण्यांची करमणूक करणारे लाल कोटातले कर्मचारी, म्हणजे 'रेडकोट' आले.

पण मला सगळ्यात भावते ती रात्रीची सोय. बाळं 'शॅले'त, म्हणजे ओळीनं बांधलेल्या छोट्या खोल्यांत झोपलेली आणि आईवडील नाचाच्या हॉलमध्ये. बाहेर कर्मचारी सायकलवरून गस्त घालतायत, दारांपाशी कान देतायत. रडण्याचा आवाज आला की हॉलमध्ये निरोप जायचा, अमुक नंबरच्या शॅलेत बाळ रडतंय. वर्षभर चूल आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवडाभर आयतं ताट मिळायचं, वर संध्याकाळही तिची स्वतःची. माझ्या मते बटलिननं खरं विकलं ते हेच.

दुसऱ्या महायुद्धात स्केगनेसचा कॅम्प नौदलाकडे गेला. नंतर फायली, एअर, पुल्हेली असे नवे कॅम्प निघाले. १९६२च्या ऑगस्टमध्ये रिंगो स्टार स्केगनेसच्याच कॅम्पवर ड्रम वाजवत होता, तिथून तो बीटल्समध्ये गेला.

मग स्पेनच्या स्वस्त विमानसहली आल्या. ऊन पक्कं मिळत असताना पावसाच्या किनाऱ्यावर कोण जाणार? १९८३मध्ये फायली आणि क्लॅक्टनचे कॅम्प बंद झाले. आज बटलिनच्या नावाची तीनच ठिकाणं उरलीत, बोग्नर रेजिस, माइनहेड आणि स्केगनेस. स्केगनेसला सुरुवातीच्या काळातली एक शॅले अजून उभी आहे, तिला संरक्षित वास्तूचा दर्जा आहे.