पेटंट कोणत्या हॉपकिन्सचं?

(जुना हस्तलिखित दस्त. कॅमेरा तळाच्या सहीवर.)

ही सही आहे जॉर्ज वॉशिंग्टन यांची. तारीख 31 जुलै 1790. अमेरिकेत पेटंटचा कायदा होऊन चार महिनेही झाले नव्हते, आणि त्या कायद्याखाली दिलं गेलेलं हे पहिलंच पेटंट. त्या काळी पेटंटवर खुद्द राष्ट्राध्यक्ष सही करत. अर्जाची छाननी करणाऱ्यांत परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन होते. आणि पेटंट मिळालं सॅम्युएल हॉपकिन्स नावाच्या माणसाला.

कशासाठी? राखेसाठी.

राख तेव्हा उकिरड्यावर टाकायची वस्तू नव्हती. जंगल तोडून शेत काढायचं, लाकूड जाळायचं, राख पाण्यात कालवायची, ते पाणी मोठ्या कढईत आटवायचं आणि तळाला राहिलेला क्षार विकायचा. हेच पोटॅश. साबण, काच, कापडाची रंगाई, सगळीकडे त्याला मागणी.

(भट्टीतली राख. लोखंडी पळीने कोणी ती वरखाली करतंय.)

हॉपकिन्सने या कामात एक पायरी वाढवली. राख पाण्यात टाकण्याआधी ती भट्टीत पुन्हा जाळायची. मग ती पाण्यात उकळायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ काढून घ्यायची आणि आटवायची. गाळ कमी, क्षार भरपूर. वाचायला किती साधं वाटतं! पण कित्येक वर्षं राख आटवणाऱ्या हातांना हे सुचलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की हा सॅम्युएल हॉपकिन्स कोण?

बराच काळ उत्तर ठरलेलं होतं. व्हरमाँट राज्यातल्या पिट्सफर्ड गावचा हॉपकिन्स. त्या गावात रस्त्याच्या कडेला त्याच्या मानाची पाटीही उभी राहिली. आपल्या मातीतल्या माणसाने देशातलं पहिलं पेटंट मिळवलं, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? गावाला दोष द्यावासा मला वाटत नाही. पेटंटांना क्रमांक देण्याची पद्धत 1836 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टन शहरातल्या पेटंट कार्यालयाला आग लागली आणि तोवरच्या जवळपास 10,000 पेटंटांचे कागद जळाले. बहुतेकांची मागे उरली फक्त नावं. आणि नाव काही एकट्याची मालमत्ता नसते.

खुद्द राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचंच पाहा. त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी बेल्जियममध्ये जन्मलेला एक जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेत आला. पाण्यात टाकताच विरघळणारी कॉफी मोठ्या प्रमाणावर बनवून बाजारात आणणारा तो हाच.

1993 मध्ये एक पेटंट दिलं गेलं ते बुटांसाठी. टाचेला खाच, रंगमंचातून वर येणारी खुंटी त्या खाचेत अडकते, आणि माणूस तोल न जाता पुढे झुकतो, जणू गुरुत्वाकर्षण त्याला लागूच नाही. तिघा संशोधकांत एक नाव मायकेल जे. जॅक्सन, म्हणजे तोच गायक. संगणकाच्या क्षेत्रात मात्र हे नाव काढलं तर लोकांना मायकेल ए. जॅक्सन आठवतात, प्रोग्रॅमची रचना कशी करावी याची पद्धत 1975 मध्ये मांडणारे ब्रिटिश तज्ज्ञ. मधल्या एका अक्षराने इथे घोळ टळतो.

पण अलेक्झांडर बेन नावाच्या दोघांच्या बाबतीत तेही नाही.

(घड्याळाचा लंबक. टिकटिक.)

दोघंही स्कॉटलंडचे, दोघंही एकोणिसाव्या शतकातले, दोघंही गरीब घरातले. एक ॲबरडीनच्या विणकराचा मुलगा. तो पुढे तर्कशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि 1876 मध्ये त्याने ‘माइंड’ हे नियतकालिक सुरू केलं. दुसरा उत्तरेकडच्या केथनेस भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा. तो विक गावी घड्याळजीकडे उमेदवारीला राहिला.

या दुसऱ्या बेनपाशी मला जरा थांबायचंय. 1841 मध्ये त्याने विजेवर चालणाऱ्या घड्याळाचं पेटंट घेतलं, आणि 1843 मध्ये तारेवरून चित्र पाठवण्याचं. दोन ठिकाणी दोन लंबक, एकाच तालात झुलणारे. इकडचा लंबक झुलताना त्याची सुई धातूच्या अक्षरांवरून फिरते. अक्षराला सुई लागली की वीज वाहते. तिकडे रसायनात भिजवलेला कागद, आणि वीज पोचली की नेमक्या तेवढ्याच जागी डाग उमटतो. ओळीखाली ओळ, डागाशेजारी डाग, असं करत अक्षर तयार होतं. फॅक्सचं मूळ हेच, टेलिफोनच्याही तीसेक वर्षं आधीचं! आणि हे सुचायला घड्याळजीच हवा होता. दोन लंबक तालात ठेवायचे म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

म्हणूनच पेटंटावर नाव दिसलं की मी आधी विचारते, हा माणूस पोटासाठी काय करत होता? कुठे राहत होता?

हॉपकिन्सच्या बाबतीत हा प्रश्न नेटाने विचारला डेव्हिड मॅक्सी या वकिलांनी. त्यांचं संशोधन 1998 मध्ये प्रसिद्ध झालं. पेटंट पिट्सफर्डच्या हॉपकिन्सचं नव्हतंच. ते त्याच नावाच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या दुसऱ्याच माणसाचं होतं. आगीचीही इथे सबब नाही, कारण हा मूळ दस्त शाबूत आहे, शिकागो हिस्टरी म्युझियममध्ये.

(पुन्हा तोच दस्त. कॅमेरा सहीवरून सावकाश वर सरकतो, मजकुराच्या सुरुवातीला येऊन थांबतो.)

मायना संपल्यावरचं हे पहिलंच वाक्य. शाई फिकट झालीय, तरी अक्षर लागतं. ‘सॅम्युएल हॉपकिन्स, शहर फिलाडेल्फिया, राज्य पेन्सिल्व्हेनिया.’