कुत्रं काय राखतंय, ते आधी पाहा

(कापूस वेचणीच्या तोंडावर एका गावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आयाबायांनो, आणि पुढं सतरंजीवर बसलेले पोट्टेहो,

दसरा झाला. काहींच्या वावरात वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली असेल, काहींची व्हायची असेल. आता पुढचे दोन-तीन महिने आपलं सगळं जगणं वावरात. सकाळच्या धुक्यात बाया वेचणीला निघतील, रात्री माणसं रानडुकरं अन् रोही हाकलायला जागलीवर जातील. याच दिवसांत कुत्री जास्त अंगावर येतात, अशी तुमची तक्रार असते. तक्रार खरी आहे आणि तिच्यामागं हिशेब आहे. गावातल्या कुत्र्यांचा माज भाद्रपदाच्या आसपास येतो. त्यावरून आपल्याकडं जे बोललं जातं ते पोरांसमोर सांगत नाही. कुत्री त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते. मोजा आता. पिल्लं येतात कार्तिक-मार्गशीर्षात. आणि विते कुठं? कुटाराच्या ढिगाआड, पऱ्हाटीच्या जुन्या गंजीत, पांदणीखालच्या सिमेंटच्या नळीत. सगळ्या जागा आपल्या येण्याजाण्याच्या. काल तुमच्या हातची शिळी भाकर खाणारी कुत्री आज तुमच्यावर दात काढते, कारण तुम्ही नकळत तिच्या पिल्लांकडं चालला आहात.

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरी याच भागात झाली, त्यामुळं मला हा प्रश्न पारावरही विचारतात अन् लग्नाच्या पंगतीतही: ‘साहेब, कुत्रं अंगावर आलं तर काय करावं जी?’ उभं राहावं, पळू नये, हे उत्तर तुम्हाला माहीत आहे. पण उभं राहून पुढं काय, ते कोणी सांगत नाही. उभं राहायचं ते बघण्यासाठी. हे कुत्रं काय राखतंय? दार राखतंय, पिल्लं राखतंय, मेंढरं राखतंय, की खाणं राखतंय? ते एकदा दिसलं की कुठं सरकायचं ते कळतं: ती वस्तू ज्या बाजूला असेल, तिच्या उलट बाजूला. भुंकणाऱ्या दहातल्या बहुतेक कुत्र्यांना तुम्हाला चावायचं नसतं, तुम्ही तिथून जावं एवढंच हवं असतं. आपण मात्र घाबरून नेमके चुकीच्या बाजूला धावतो.

सरकायचं कसं, तेही नीट ऐका. पाठ फिरवायची नाही. अंग थोडं तिरपं ठेवायचं, नजर कुत्र्याच्या पायांवर किंवा शेपटीवर, डोळ्यांत डोळे घालून नाही. रोखून पाहणं म्हणजे कुत्र्याच्या लेखी आव्हान. हात छातीशी. ओरडायचं नाही, आणि दात दाखवून हसायचंही नाही. आवाज द्यायचाच तर जड, हळू: ‘हं, जा, घरी जा.’ मग एक-एक पाऊल मागं. कुत्रं भुंकत तुमच्यासोबत चार पावलं येईल, येऊ द्या. आपली हद्द संपली की ते थांबतं.

हातात जे असेल ते मधे धरा. वेचणीचं गाठोडं, जेवणाचा डबा, छत्री, दुपट्टा, काहीही. चावायचंच झालं तर ते त्याला चावू द्या. काठी असेल तर ती आडवी किंवा जमिनीला टेकवून धरा, गरागरा फिरवू नका. आणि आपला ठेवणीतला उपाय, दगड उचलल्यासारखं वाकणं. गावात दगड खाल्लेलं भटकं कुत्रं त्यानं मागं सरतं, हे मी नाकारत नाही. पण पिल्लंवाली आणि राखणदार कुत्री सरत नाहीत, उलट तुटून पडतात, आणि वाकल्यामुळं तुमचा चेहरा नेमका त्यांच्या तोंडासमोर आलेला असतो. चेहऱ्याचा चावा सगळ्यांत वाईट, का ते पुढं सांगतो. म्हणून मी तरी वाका असं म्हणणार नाही.

घरच्या कुत्र्याबद्दल दोन शब्द. आपल्याकडं फाटकातून आवाज दिला की आतून घरमालक म्हणतात, ‘काही नाही करत जी थे, या तुमी!’ त्या भरवशावर आत जाऊ नका. ते घरच्यांना काही करत नाही. तुम्ही घरचे नाही. आशाताई, दूधवाले, मीटर वाचायला येणारी पोरं यांना मी नेहमी सांगतो, कुत्रं बांधल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत फाटकाची कडी उघडू नका. यात भिडस्तपणा कशाला? आणि साखळीनं बांधलेल्या कुत्र्याच्या जवळूनही जाऊ नका. पळून जाता येत नाही हे त्याला कळतं, म्हणून ते लवकर चावतं.

उन्हाळ्याकडं राबारी लोक उंट-मेंढरं घेऊन आपल्या शिवारात बसतात. त्यांची कुत्री मोठी आणि कामाची. कळपातून मोटरसायकल घालणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. ते कुत्रं त्या क्षणी नोकरीवर असतं, एवढं लक्षात ठेवा. लांबून हाळी द्या, कळपाला वळसा घाला, राखणारा माणूस कुत्र्याला बोलावेल. धुऱ्यावरून पाच मिनिटं जास्त चालावं लागलं तरी चालेल.

गावाबाहेर जिथं कोंबडीच्या दुकानाचं उकिरड्यावर टाकलेलं असतं, तिथली टोळी हा सगळ्यांत अवघड प्रकार. एकटं कुत्रं विचार करतं, टोळी करत नाही. संध्याकाळी तिथून लहान पोराला एकटं पाठवू नका, एवढाच माझा खरा उपाय. बाकी उपाय ग्रामपंचायतीचा आहे: तो कचरा पुरायचा, आणि नसबंदी व लसीकरणासाठी पाठपुरावा करायचा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी अन् लस झालेलं कुत्रं सहसा पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं. ‘विष घाला’ म्हणणारे प्रत्येक गावात दोघं-चौघं असतात. तो गुन्हा आहे, आणि ते विष शेवटी कोणाच्या तरी गाईच्या नाहीतर बकरीच्या पोटात जातं.

मोटरसायकलमागं धावणारं कुत्रं काही राखत नाही, ते फक्त पळणाऱ्या चाकाला भुलतं. वेग वाढवला की त्याचाही वाढतो. लाथ मारायला पाय काढला की तोल जातो. या प्रकारात चाव्यापेक्षा पडून जास्त हाडं मोडतात, आणि मागं बसलेली बाई आधी पडते. गाडी हळू करा, गरज पडली तर थांबवा. बहुतेक कुत्री गोंधळून उभी राहतात, कारण त्यांचा खेळच संपलेला असतो. सायकल असेल तर उतरा आणि सायकल मधे ठेवून चाला.

पोट्टेहो, आता तुमचं. तुम्ही ‘स्टॅच्यू’ खेळता ना? कुत्रं अंगावर आलं की स्वतःलाच स्टॅच्यू द्यायचा. हात अंगाशी, नजर खाली, आवाज बंद. ते हुंगेल, हुंगू द्या. आणि पाडलंच, तर गुडघे पोटाशी, चेहरा जमिनीकडं, दोन्ही हातांची बोटं मानेमागं गुंफायची, कोपरांनी कान झाकायचे. हलायचं नाही. आज घरी गेल्यावर हे करून पाहा, आईला हसू द्या. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीला हात लावायचा नाही, मग ती घरची का असेना. दोन कुत्री भांडताना मधे पाय-हात घालायचा नाही, हे मोठ्यांनाही.

दात रुतलेच, तर झटक्यानं हात ओढू नका, मांस फाटतं. अंगावरचा दुपट्टा त्याच्या डोळ्यांवर टाका, आसपासच्यांना हाका मारा.

इथपर्यंत मी सांगितलं ते शहाण्या कुत्र्याचं. पिसाळलेलं, म्हणजे रेबीज झालेलं कुत्रं या हिशेबात बसत नाही. ते काहीच राखत नसतं. स्वतःची हद्द सोडून भटकतं, न भुंकता चावतं, लाकूड चावतं, दगड चावतं. आवाज बदललेला, खालचा जबडा लोंबलेला, तोंडाला लाळ, मागचे पाय लटपटणारे. कधी उलटंही होतं, ते कोपऱ्यात गुपचूप पडून राहतं आणि दया येऊन पाणी पाजायला गेलेल्याला चावतं. अशा कुत्र्यासमोर स्टॅच्यूचा भरवसा नाही. दार लावा, ट्रॅक्टरवर चढा, पोरं उचला, आणि पंचायतीला, पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा.

चावल्यावर काय? कोणत्याही कुत्र्यानं, अगदी घरच्या पिल्लानं, आणि नुसतं नख लागून ओरखडा आला तरी, पहिलं काम धुण्याचं. वावरात असाल तर मोटर सुरू करा, पाइपाखाली जखम धरा, साबण लावा आणि पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे पंधरा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं. ज्या घरात मिरची, चुना, हळद भरतात, तिथं मी हात जोडतो. जखम चाळवली की विषाणूलाच सोयीचं होतं. टाकेही लगेच घालून घेऊ नका.

मग त्याच दिवशी दवाखाना. विषाणू नसांमधून मेंदूकडं सरकतो, म्हणून चेहरा, मान, हाताची बोटं इथले चावे जास्त धोक्याचे. लक्षणं दिसायला एक ते तीन महिने लागू शकतात, कधी आठवडाभरातही दिसतात, आणि एकदा दिसली की माणूस वाचत नाही असंच धरा. लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. स्नायूत असेल तर चौदावा दिवसही. रक्त आलं असेल तर नुसत्या लशीवर थांबू नका, ‘सीरम पाहिजे का?’ असं डॉक्टरांना स्वतः विचारा. सीरम म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं. ते जखमेत भरतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याला पाठवतात. बेंबीभोवतीच्या चौदा सुयांच्या भीतीनं अजून म्हातारी माणसं चावा लपवतात. ती लस देशात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. पथ्यही काही नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही लस चालते.

कुत्रं ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. पण लस आधी सुरू करा, नजर ठेवणं त्यासोबत. दहाव्या दिवशी ते ठणठणीत असेल तर पुढच्या सुयांचं डॉक्टर ठरवतील. मारून टाकलं तर काहीच कळत नाही.

प्रश्न आलाय मागून: म्हशीला कुत्रं चावलं, दूध घरी खाल्लं, आता काय? उकळलेल्या दुधानं रेबीज होत नाही, त्यासाठी अख्ख्या वाड्यानं दवाखान्यात रांग लावायची गरज नाही. कच्चं दूध मात्र नको, वासरालाही सोडू नका. म्हशीची जखम साबणानं धुवा, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून. जनावरांनाही चाव्यानंतरची लस असते, तीही एकाच सुईत संपत नाही, ठरलेल्या दिवसांना येते. म्हैस वेगळी बांधा. ती लाळ गाळायला लागली, घोगरं ओरडायला लागली, तर घशात काही अडकलं म्हणून तिच्या तोंडात हात घालू नका. आपल्याकडं हा हात आधी घातला जातो, डॉक्टरला नंतर बोलावतात. ज्यानं घातला असेल त्यानं म्हशीआधी स्वतःची लस सुरू करायची.

हं, पुढचा प्रश्न कोणाचा? ताई, बोला.