लैंगिक आरोग्य आणि गावचा दवाखाना

श्रोतेहो, नमस्कार. लैंगिक आजारांची तपासणी आणि उपचार गावच्या नेहमीच्या दवाखान्यातच, इतर उपचारांबरोबर व्हावेत, असे मला वाटते.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम त्या काळी जोरात होता, परंतु त्याचे यश शस्त्रक्रियांच्या आणि तांबीच्या आकड्यांवर मोजले जाई. अंगावरून पांढरे जाते का, ओटीपोट दुखते का, या प्रश्नांना त्या मोजणीत जागा नव्हती.

पुढे १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला आणि या आजारांचे उपचार त्यात समाविष्ट झाले. क्षयरुग्णाची एचआयव्ही तपासणीही आज नेहमीच्या उपचारांचा भाग आहे, आणि ते योग्यच आहे.

गरोदरपणातील तपासणीचे उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. हिमोग्लोबिनसाठी रक्त घेताना त्याच वेळी एचआयव्ही आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, यांचीही तपासणी होते, त्यामुळे त्या स्त्रीला कोणत्याही वेगळ्या पाटीच्या दारात उभे राहावे लागत नाही. गरमीचे निदान वेळेत झाले, तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने आई बरी होते आणि बाळही वाचू शकते. मात्र नवऱ्याची तपासणी आणि उपचार झाले नाहीत, तर तिला पुन्हा लागण होऊ शकते. तो दवाखान्यात येतो तो ताप किंवा रक्तदाब घेऊन. त्याच केसपेपरवर, त्याच डॉक्टरांकडे, दार बंद होणाऱ्या खोलीत हा विषय निघाला पाहिजे. आपल्या अनेक दवाखान्यांत अशी खोली नाही, आणि माझ्या मते औषधांच्या तुटवड्याइतकीच ही गंभीर उणीव आहे. रुग्ण कल्याण समितीने अशा खोलीची मागणी अवश्य लावून धरावी.

जननेंद्रियावर जखम, स्राव किंवा लघवीला जळजळ असेल, तर शासकीय रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या उपचार केंद्रात, सल्ला आणि औषधे विनामूल्य मिळतात. डॉक्टरांनी जोडीदारालाही औषध सांगितले असेल, तर दोघांनी ते पूर्ण घ्यावे आणि उपचार संपेपर्यंत संबंध टाळावेत किंवा निरोध वापरावा.