ठिणगी तीन फुटांची हवी असेल तर

(दृश्य: अंधारलेली खोली. स्पार्क गॅपचा, म्हणजे ठिणगी पडणाऱ्या फटीचा, कडकडाट. टोरॉइडच्या, म्हणजे कॉइलच्या डोक्यावरच्या धातूच्या कड्याच्या, कडेवर बोटभर जांभळ्या ठिणग्या.)

आवाज कानठळ्या बसवणारा, आणि ठिणगी बोटभर. घरी टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत लांब ठिणग्या सोडणारं उच्च व्होल्टेजचं यंत्र, बांधणाऱ्या बहुतेकांची पहिली चाचणी अशीच होते. मग वाटतं, ट्रान्सफॉर्मर कमी पडतोय, मोठा आणू. तो विचार आधी बाजूला ठेवू.

या कॉइलला निऑन साइनचा जुना, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर जोडला आहे. १५ हजार व्होल्ट, ३० मिलिअँपिअर, म्हणजे साधारण ४५० वॅट. कॉइल बांधणाऱ्यांचा एक अनुभवाचा ठोकताळा आहे: वॅटचं वर्गमूळ काढा, १.७ ने गुणा, आणि चांगल्या जुळलेल्या कॉइलची ठिणगी किती इंच जाईल ते कळतं. ४५० वॅटला उत्तर येतं ३६ इंच. तीन फूट! बोटभर ठिणगीवर अडलेल्या कॉइलमध्ये वीज भरपूर आहे, फक्त ती वरपर्यंत पोचत नाही. वाट अशी: ट्रान्सफॉर्मर कपॅसिटरमध्ये वीज साठवतो, गॅप पेटली की ती प्रायमरी या खालच्या वेटोळ्यात सुटते, आणि तिथून सेकंडरी या उभ्या वेटोळ्यातून वर टोरॉइडपर्यंत जाते. कुठे अडते, ते शोधायचं.

(दृश्य: बंद कॉइल. इन्सुलेटेड दांडीने कपॅसिटरची टोकं जोडून तो रिकामा केला जातो.)

पण आधी हे. प्रत्येक बदलापूर्वी प्लग भिंतीतून काढायचा आणि कपॅसिटर दांडीने रिकामा करायचा, दर वेळी. 'टेस्ला कॉइलचा शॉक लागत नाही, वीज कातडीवरूनच जाते' असं सर्रास सांगितलं जातं. ते खोटं आहे. ट्रान्सफॉर्मर आणि प्रायमरीची बाजू सरळ जीव घेते, आणि वरची ठिणगी प्रायमरीवर उतरली तर तोच घातक प्रवाह तिच्या वाटेने वर येऊ शकतो. पेसमेकर असलेल्या माणसाला खोलीत येऊ देऊ नका. गॅपकडे टक लावून पाहू नका, तिच्या उजेडात अतिनील किरण असतात. खिडक्या उघड्या ठेवा, ओझोन साचतो.

(दृश्य: कपॅसिटरची माळ, जवळून.)

सुरुवात कपॅसिटरपासून. कॉइलचे बहुतेक नकाशे अमेरिकेतून येतात आणि तिथली वीज ६० हर्ट्झची. या ट्रान्सफॉर्मरशी ६० हर्ट्झला अनुनादात, म्हणजे एकाच लयीत, येणारा कपॅसिटर ५.३ नॅनोफॅरडचा (हे धारितेचं, म्हणजे वीज साठवण्याच्या क्षमतेचं, माप). आपल्या ५० हर्ट्झला तोच आकडा ६.४ होतो. अनुनादाच्या नेमक्या किमतीवर व्होल्टेज चढत जातं आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं, म्हणून साध्या, स्थिर गॅपसाठी सुमारे दीडपट कपॅसिटर घेतात. तिकडे आठ, आपल्याकडे साडेनऊच्या आसपास. तिकडचा आठचा आकडा इथे जसाच्या तसा उचलला तर धोक्याच्या फार जवळ जातो. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचेच हवेत, जोराच्या धक्क्यांसाठी बनवलेले. पॉलिएस्टरचे तापतात, आणि त्या उष्णतेत आपली ठिणगी जाते.

आता गॅप. कपॅसिटर सोडवायचा, ट्रान्सफॉर्मरवर फक्त गॅप ठेवायची. पूर्ण व्होल्टेजला जेमतेम ठिणगी पडेल इतकी रुंद करायची आणि मग किंचित आवळायची. ठिणगी वाढावी म्हणून यापुढे गॅप रुंद करत जाणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी.

गॅप पेटणं जितकं गरजेचं, तितकंच वेळेवर विझणंही. प्रायमरीतली ऊर्जा सेकंडरीत गेली की गॅप बंद व्हायला हवी. ती पेटलेलीच राहिली तर ऊर्जा परत खाली येते आणि गॅपमध्येच जळते. म्हणून इथे एका रुंद फटीऐवजी तांब्याच्या नळीच्या तुकड्यांमध्ये ओळीने लहान लहान फटी ठेवल्या आहेत, आणि त्यांच्यावर जोराचा ब्लोअर.

(दृश्य: प्रायमरीच्या चपट्या वेटोळ्यावर सरकणारा क्लॅम्प. नळीवर मार्करने केलेल्या खुणा.)

आणि आता खरं काम. सेकंडरी ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेली आहे, अर्धा मिलिमीटरची इनॅमल तार, नऊशेच्या आसपास वेढे. डोक्यावर ॲल्युमिनियमच्या डक्टचा टोरॉइड. हिशेबाने तिची वारंवारता २६० किलोहर्ट्झच्या जवळपास येते. साडेनऊ नॅनोफॅरडला तीच वारंवारता द्यायची तर प्रायमरी ३८-४० मायक्रोहेन्रीची (वेटोळ्याचं माप, वेढे वाढले की वाढतं) हवी, म्हणजे या वेटोळ्यावर टॅप, क्लॅम्पने तार जोडायची जागा, दहाव्या-अकराव्या वेढ्याच्या आसपास.

पण हिशेब कॉइल शांत असतानाचा. ठिणगी हवेत पसरली की तिचीच धारिता टोरॉइडला जोडली जाते आणि सेकंडरीची वारंवारता खाली सरकते. म्हणून टॅप हिशेबापेक्षा थोडा बाहेर जावा लागतो. तबलजी हातोडीने गठ्ठा जरासा ठोकतो, पुडीवर थाप मारून सूर ऐकतो, पुन्हा ठोकतो. इथेही तसंच: क्लॅम्प पाव वेढा बाहेर, कॉइल सुरू, ठिणगीची लांबी वहीत, मग आणखी पाव. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. गॅप आणि टॅप एकदम बदलले तर फायदा कशाचा झाला, कधीच कळत नाही. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जला या कॉइलचा जनक निकोला टेस्लाने ठेवलेल्या नोंदवहीतही वेटोळ्यांची आणि धारितेची गणितं पानोपानी आहेत. तिथल्या त्याच्या प्रचंड कृत्रिम विजांच्या मागे अशी चिकाटी होती, आणि मला टेस्लाचं सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच वाटतं.

(दृश्य: सेकंडरीच्या अंगावरून धावणाऱ्या ठिणग्या.)

ठिणगी कुठून निघते ते पाहिलं की दोष कळतो. सेकंडरीच्या अंगावरून ठिणग्या पळत असतील तर दोन्ही वेटोळी फार जवळ आहेत. सेकंडरी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वर उचला. तरीही थांबल्या नाहीत तर टॅप पुन्हा तपासा. पुठ्ठ्याची नळी वापरली असेल तर कोकणातल्या पावसाळ्यात ती ओल धरते. आधी खडखडीत वाळवा, आतून-बाहेरून वॉर्निश द्या, मगच तार गुंडाळा.

सेकंडरीच्या तळाशी ठिणग्या दिसल्या तर अर्थिंग कच्चं आहे. या कॉइलला घरातलं अर्थिंग चालत नाही, त्या वायरवरून उच्च वारंवारता घरभर फिरते आणि टीव्ही, राउटर जळू शकतात. बाहेर जमिनीत स्वतंत्र सळई ठोका, तिथपर्यंत तांब्याची रुंद पट्टी आखूडात आखूड वाटेने न्या.

टोरॉइडवर चहूबाजूंनी बारीक झिपऱ्या फुटत असतील तर तो लहान आहे. मोठा टोरॉइड फुटण्यापूर्वी जास्त व्होल्टेज धरून ठेवतो, मग त्यावर एक टोकदार तार लावली की सगळा जोर एकाच ठिणगीत येतो. पण टोरॉइड बदलला की वारंवारता पुन्हा खाली जाते, आणि टॅप पुन्हा बाहेर न्यावा लागतो. ठिणग्या खाली प्रायमरीवर आदळू लागल्या, तर तिच्या वर अर्थ केलेली तांब्याची कडी बसवा. कडी पूर्ण जोडू नका, एक फट ठेवा, नाहीतर ती शॉर्ट झालेला वेढा बनून ऊर्जा खाते.

(दृश्य: टोकदार तारेसमोर अर्थ केलेली सळई. दोन्हींमध्ये मोजपट्टी.)

लांबी नजरेने ठरवू नका. कॅमेरा लांब एक्स्पोजरवर ती मोठी भासवतो. अर्थ केलेली सळई समोर ठेवा, प्लग काढून दर वेळी थोडी मागे सरकवा, आणि ठिणगी जिथपर्यंत सलग पोचते ते अंतर टॅपच्या आकड्याशेजारी लिहा.