जात्यावरच्या दोघी

(दृश्य : ग्रंथालयाचं तळघर. जुन्या पुस्तकांची विक्री. लांब टेबलं, पुठ्ठ्याची खोकी. पुस्तकांच्या पाठीवरून सरकणारा कॅमेरा.)

शिकागोच्या पश्चिमेला, ड्यूपेज काउंटीतल्या एका ग्रंथालयाचं हे तळघर. लोकांनी दान दिलेली जुनी पुस्तकं इथे डॉलर-दोन डॉलरला विकतात. दार नऊला उघडतं, पण अर्धा तास आधीपासून जिन्यावर रांग असते. स्वयंपाकाची पुस्तकं पहिल्या टेबलावर, बागकामाची दुसऱ्या. आणि भिंतीकडच्या टेबलावर ही एकाच मालिकेची चळत. पहिला भाग उचलावा तर खाली पुन्हा पहिला भाग, त्याच्या खाली परत तोच.

निळ्या कोटातल्या बाई बघा. पहिल्या भागाला त्या हात लावत नाहीत, दुसऱ्यालाही नाही. त्यांना तिसरा हवाय.

(दृश्य : पहिल्या भागाचं मुखपृष्ठ, जवळून. पानं उलटणारा हात.)

'लेफ्ट बिहाइंड'. म्हणजे 'मागे राहिलेले'. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स या दोघांची ही मालिका. १९९५ ते २००७ या काळात सोळा कादंबऱ्या, आणि मुलांसाठी वेगळी लिहिलेली चाळीस छोटी पुस्तकं. सगळं मिळून साडेसहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. जगाचा शेवट कसा होईल, याची ही गोष्ट. अमेरिकेतल्या लाखो घरांत ती वाचली गेली, आणि त्यातल्या पुष्कळ घरांतून ती आता या टेबलावर आली आहे.

लेखकांविषयी आजवर खूप बोललं गेलंय. आम्ही या फिल्मसाठी वाचकांकडे गेलो.

(दृश्य : ओ'हेअर विमानतळ. संध्याकाळ. धावपट्टीवरून उठणारं जंबो विमान. आवाज पूर्ण.)

गोष्ट इथूनच सुरू होते. शिकागोहून लंडनला निघालेलं एक जंबो विमान, मध्यरात्रीचा अटलांटिक. वैमानिक रेफर्ड स्टील याला एक निष्ठावान, भाविक बायको आहे, आणि त्याचं मन मात्र विमानातल्या एका हवाई सुंदरीकडे ओढलेलं आहे. तेवढ्यात ती घाबरीघुबरी कॉकपिटकडे येते. प्रवासी नाहीसे झालेत. खुर्चीवर कपडे आहेत, खाली बूट आहेत, चष्मा आहे. माणूस नाही. आणि हे जगभर एकाच क्षणी घडलेलं आहे. खरे विश्वासणारे स्वर्गात उचलले गेले, सगळी लहान मुलं गेली, पोटातली बाळंसुद्धा गेली. रेफर्ड घरी परततो तेव्हा बायको आणि धाकटा मुलगा नाहीत. उरतात तो आणि त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी. पुढे सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्ताविरुद्ध उभा राहून जगावर सत्ता गाजवणारा ख्रिस्तविरोधक, त्याच्या अनुयायांवरची श्वापदाची खूण, आणि शेवटी ख्रिस्ताचं परत येणं.

लाहे सांगत, की ही कल्पना त्यांना एका विमानप्रवासात सुचली. बोटात लग्नाची अंगठी असलेला वैमानिक हवाई सुंदरीशी लगट करताना त्यांनी पाहिला. या क्षणी ती घटना घडली तर या माणसाचं काय होईल, असं त्यांच्या मनात आलं.

(दृश्य : जुनं मराठी बायबल. पिवळी पानं, कापडी वेष्टन. बोट ओळीवरून फिरतं.)

हे बायबल माझ्या आजीचं, नगरचं. 'थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र', चौथा अध्याय. जिवंत उरलेले आपण 'मेघारूढ असे अंतराळात घेतले जाऊ', असं इथे लिहिलं आहे. सगळी मालिका ज्या एका वचनाला धरून उभी आहे, ते हेच. लॅटिन बायबलातल्या 'रापिएमुर', म्हणजे 'घेतले जाऊ', या क्रियापदावरून इंग्रजीत 'रॅप्चर' हा शब्द आला. पण आमच्याकडे हे वचन मी कायम मयताच्या घरी ऐकलंय. आजी ते वाचायची आणि पुढच्या ओळीवर थांबायची. या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा, अशी ती ओळ आहे. प्रेषित पौलाने हे लिहिलं ते आपली माणसं गमावलेल्या लोकांना धीर देण्यासाठी.

आधी विश्वासणारे गुपचूप उचलले जातील, मग महासंकट, मग ख्रिस्ताचं दुसरं येणं, ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधल्या धर्मोपदेशकाने पसरवली. १९०९ मध्ये स्कोफील्डचं टीपांसहित बायबल निघालं आणि ती अमेरिकेच्या घराघरांत गेली. वर वचन, त्याच पानावर खाली टीप. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही एका दमात वाचलं गेलं.

(दृश्य : व्हीटनहून शिकागोकडे जाणारी उपनगरी रेल्वे. खिडकीतून मागे पळणारी घरं, बर्फ. गुडघ्यावर वही ठेवून लिहिणारा एक प्रवासी.)

आता ही गाडी. व्हीटन ते शिकागो. १९५० च्या दशकात केनेथ टेलर नावाचे गृहस्थ रोज या मार्गाने कामाला जात. त्यांना दहा मुलं. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी जुन्या इंग्रजीतलं बायबल मुलांना कळेना. मग टेलर गाडीतच गुडघ्यावर वही घेऊन बसले आणि पौलाची पत्रं रोजच्या बोलीत उतरवायला लागले. जाताना थोडं, येताना थोडं, असं काही वर्षं चाललं. छापायला कोणी तयार होईना, तेव्हा १९६२ मध्ये त्यांनी स्वतःच दोन हजार प्रती छापल्या. प्रकाशनाला नाव दिलं विल्यम टिंडलचं, इंग्रजीत बायबल आणलं म्हणून १५३६ मध्ये ज्याला जीव गमवावा लागला त्या भाषांतरकाराचं.

या डब्यात आम्ही तीन सकाळी चित्रीकरण केलं. वही घेऊन बसलेला हा तरुण कोण, आम्हाला माहीत नाही. तो आम्हाला सापडला आणि आम्ही कॅमेरा सुरू ठेवला.

(दृश्य : कॅरोल स्ट्रीम. प्रकाशनसंस्थेची इमारत, रस्त्यापलीकडून.)

मुलांना कळावं म्हणून सुरू झालेल्या त्याच टिंडल हाउसने १९९५ मध्ये 'लेफ्ट बिहाइंड'चा पहिला भाग काढला. कामाची वाटणी सरळ होती. लाहे पाळक, प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकावर आयुष्यभर प्रवचनं दिलेले. कोणतं संकट कधी येतं, कोणता शिक्का कधी फुटतो, हा आराखडा त्यांचा. जेन्किन्स मुरलेले लेखक. बेसबॉलच्या खेळाडूंची चरित्रं त्यांच्या हातून उतरली होती, प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅम यांच्या आत्मकथेलाही त्यांनी हात लावला होता. कादंबरीचं वाक्य न्‌ वाक्य त्यांचं. आधी एकच पुस्तक ठरलं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं, की एवढ्या पानांत जेमतेम दोन आठवडे संपलेत. एकाची बारा झाली, मग आणखी चार. सातवा भाग २००० साली न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. २००१ मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली कादंबरी म्हणजे याच मालिकेचा नववा भाग.

(दृश्य : निळ्या कोटातल्या बाई, घरी. खुर्ची, दिवा. मांडीवर पहिला भाग. समासात पेन्सिलीच्या खुणा.)

या बाई निवृत्त नर्स आहेत. समास बघा. जिथे गोष्टीत बायबलचा संदर्भ येतो, तिथे त्यांनी अध्याय आणि ओवी लिहून ठेवली आहे. नवा भाग आला की त्या आणि त्यांची बहीण, एक इथे, एक दुसऱ्या राज्यात, रात्री फोनवर एकेक प्रकरण बोलायच्या.

(बाइट : नर्स बाई, ४० सेकंद. बायबल उघडायला या कादंबऱ्यांनी लावलं, त्याआधी ते नुसतं कपाटात होतं.)

एमी जॉन्सन फ्रिकहोम या अभ्यासिकेने या मालिकेचे वाचक गाठून, त्यांच्याशी बोलून २००४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनाही हेच दिसलं. ही पुस्तकं एकट्याने वाचून ठेवून द्यायची नव्हती. आई मुलीला देते, मुलगी मैत्रिणीला, मैत्रीण चर्चमधल्या कोणाला. आणि वाचणारा प्रत्येक जण सगळं मान्य करत होता असंही नाही. कोणी अर्धं घेतलं, कोणी वाद घातला, कोणी पुस्तक हातात ठेवून स्वतःच्याच घराचा विचार केला. वाचकाला भोळा ठरवणाऱ्यांनी वाचकाशी बोलावं, एवढीच माझी विनंती आहे.

(दृश्य : चर्चचं तळघर. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर. फिरणारी रिळं, धुळीतून जाणारा प्रकाशाचा झोत.)

कादंबऱ्यांच्या आधी हा प्रोजेक्टर होता. १९७२ साली आयोवा राज्यात, अगदी थोड्या पैशांत, याच विषयावर एक चित्रपट निघाला, 'अ थीफ इन द नाइट'. थिएटरात फारसा गेलाच नाही. चर्चची तळघरं, युवक शिबिरं, अशी त्याची वारी झाली. एक बाई सकाळी उठते, नवऱ्याला हाक मारते, उत्तर येत नाही. न्हाणीघरात त्याचं विजेवरचं दाढीचं यंत्र बेसिनमध्ये पडलंय, सुरूच. ज्यांनी तो लहानपणी पाहिला त्यांना बाकी काही आठवत नाही, पण त्या यंत्राची घरघर आठवते.

(दृश्य : रिकामं स्वयंपाकघर. गॅसवर भांडं. घड्याळाची टिकटिक. स्थिर चौकट, १५ सेकंद, निवेदन नाही.)

या घरातल्या गृहस्थांनी पस्तिशी ओलांडली आहे. मुलांसाठीची पुस्तकं त्यांनी अकराव्या वर्षी वाचली. एक दिवस शाळेतून आले, दार उघडं, गॅस चालू, घरात कोणी नाही. ते आईवडिलांच्या खोलीत गेले आणि जमिनीवर कपडे पडलेत का ते शोधू लागले. आई शेजारी गेली होती. ते घर आता दुसऱ्यांचं आहे, म्हणून हे स्वयंपाकघर त्यांच्या आजच्या घरातलं.

(बाइट : ते गृहस्थ, ५५ सेकंद. कापू नये.)

अशा घरांत वाढलेले कितीतरी जण हीच आठवण सांगतात. फक्त खोली बदलते. मुलाच्या हातात हे पुस्तक देताना शेजारी कोणी मोठं माणूस बसायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

त्यांचं दुसरं म्हणणं मोठेपणीचं आहे, आता ते स्वतः बाप आहेत म्हणून. कादंबरीत जगातली सगळी मुलं एका क्षणात जातात. मग रस्त्यारस्त्यावर आया रडताना का दिसत नाहीत? काही दिवसांत लोक कामाला लागतात, फोन करतात, विमानं पकडतात. ही तक्रार आम्ही वेगवेगळ्या वाचकांकडून ऐकली. मालिकेवरची सगळ्यात खरी टीका मला हीच वाटते.

(दृश्य : माउंट प्रॉस्पेक्ट. शांत रस्ता, चर्चचा मनोरा, कॅथलिक शाळेसमोर मुलांची रांग.)

माउंट प्रॉस्पेक्ट. स्टील कुटुंबाचं कादंबरीतलं गाव. इथल्या एका कॅथलिक शिक्षिकेने दोन भाग वाचून मालिका सोडली. गोष्टीत पोप उचलले जातात, पण का? तर त्यांनी कॅथलिक चर्चपासून फुटून निघालेल्या मार्टिन ल्यूथरसारखी मतं मांडली म्हणून. त्यांच्या मागून येणारा कार्डिनल मग ख्रिस्तविरोधकाच्या जागतिक धर्माचा प्रमुख होतो. त्या शिक्षिका म्हणतात, नुसतं कॅथलिक असून भागत नाही, असं आपल्या आजीला कोणी म्हटलेलं ऐकून घ्यायचं कशाला. इलिनॉयच्या कॅथलिक बिशपांनीही २००३ मध्ये या मालिकेबद्दल आपल्या लोकांना सावध केलं होतं.

(दृश्य : दगडी जातं, संग्रहालयात. दोन बाजूंना दोन खुंट्यांच्या खाचा.)

आणि हे जातं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, जात्यावर दळणाऱ्या दोघींपैकी एकीला घेतलं जाईल, एकीला ठेवलं जाईल. ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समोरची खुंटा सोडून गेली, की जातं जड होतं. मालिका म्हणते, नेलेली वाचली, ठेवलेली अडकली. पण त्याच्या थोड्याच आधी नोहाची गोष्ट आहे. तिथे प्रलय आला आणि सगळ्यांना घेऊन गेला. नेले ते बुडाले, राहिला तो नोहा. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, की या वचनात मागे राहणं हेच वाचणं आहे. नर्स बाईंना आम्ही हे वाचून दाखवलं. त्यांनी पेन्सिल मागितली आणि समासात लिहून घेतलं.

(दृश्य : वर्तमानपत्रांची कात्रणं, झपाट्याने.)

इस्राएलविषयीचं अमेरिकेतल्या अनेक मतदारांचं मत घडण्यात जगाच्या शेवटाच्या या विचाराचा वाटा आहे, आणि गोष्टीतल्या ज्यू माणसांना शेवटी ख्रिस्ती व्हावं लागतं याचं दुःख ज्यू वाचकांनी बोलून दाखवलं आहे.

(दृश्य : नर्स बाईंच्या घरातलं कपाट. वरच्या फळीवर मालिका, क्रमाने. पहिल्या आणि चौथ्याच्या मध्ये दुसरा भाग आडवा कललेला.)

हा संच त्यांनी स्वतःसाठी ठेवलेला नाही. त्यांचा मुलगा चर्चला जात नाही. कादंबरीतला पाळक मागे राहणाऱ्यांसाठी एक व्हिडिओ कॅसेट ठेवून जातो, तशी त्यांनी ही फळी ठेवली आहे. पहिल्या भागात एक पत्र आहे. ते त्यांनी आम्हाला दाखवलं, वाचू दिलं नाही. तिसरा भाग एका सहकारी नर्सला दिला होता, तो परत आला नाही. म्हणून त्या दिवशी ग्रंथालयात त्या तो शोधत होत्या.

सापडला. एक डॉलर.

(दृश्य : बाई पुस्तक घेऊन कपाटासमोर. फळी उंच. मागून मुलगा येतो, तिच्या हातातून पुस्तक घेतो, दुसरा भाग सरळ करतो, तिसरा जागेवर लावतो. कपाटाचं दार. फक्त खोलीतला आवाज.)