आधी गादी, मग माळा

नमस्कार. दिवाळीच्या आवराआवरीला अजून पंधरवडा आहे, म्हणून घरच्या धुळीच्या ऍलर्जीचा विषय आजच घेतलेला बरा. दरवर्षी याच सुमारास माळ्यावरची पातेली खाली उतरतात, पंखे कोरड्या फडक्यानं झटकले जातात, गाद्या गॅलरीच्या कठड्यावर टाकून काठीनं बडवल्या जातात. आणि त्याच रात्री घरातलं कुणीतरी सटासट शिंकायला लागतं. "धूळ गेली नाकात," म्हणून आपण विषय मिटवतो. पण नाकात गेलेलं सगळं माती नसतं.

घरच्या धुळीत माइट नावाचा जीव असतो. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणारा कातडीचा कोंडा खातो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. घरच्या धुळीची ऍलर्जी या जिवामुळे होते, हे 1964 साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या व्होरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

आता पुण्याच्या हवेशी याचं नातं पाहा. माइट पाणी पीत नाही, हवेतली वाफ अंगात शोषून घेतो. आर्द्रता बरेच दिवस 50 टक्क्यांच्या खाली राहिली की तो वाळून मरतो. एप्रिलमधल्या आपल्या कोरड्या दुपारी त्याला मानवत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता 80 च्या पुढे जाते आणि गादीत त्याची चंगळ होते. पाऊस सरल्यावर किडे कमी होतात, पण विष्ठेतलं प्रथिन महिनोन्‌महिने तसंच राहतं. म्हणजे दिवाळीत गादी बडवताना आपण चार महिन्यांची साठवण एका तासात हवेत उडवत असतो.

विष्ठेचे हे कण जड असतात, अर्ध्या तासात बरेचसे खाली बसतात. म्हणून माइटसाठी हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रावर वीस हजार घालवणं मला पटत नाही. मांजराच्या ऍलर्जीची गोष्ट निराळी; तिचे कण बारीक असतात आणि तासन्‌तास तरंगतात, तिथे यंत्राचा उपयोग होतो.

तर सुरुवात माळ्यापासून नको, झोपायच्या खोलीपासून करा. दिवसाचे सात-आठ तास आपलं नाक उशीला टेकलेलं असतं. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. गरम म्हणजे 55 ते 60 अंश. हाताला कोमट लागणारं पाणी पुरत नाही. गार पाण्यानं प्रथिन बरंच निघून जातं, किडे मात्र मरत नाहीत. मशीनला 60 अंशांची सोय नसेल तर बादलीत उकळतं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घ्या, साठ अंशांच्या आसपास येतं. प्लास्टिकची बादली आणि कापड उष्णता ओढून घेतात, म्हणून उकळतं तांब्याभर जास्तच असू द्या. कपडे लाकडी दांड्यानं बुडवा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग नेहमीसारखे धुवा. भडक रंगाची सोलापुरी चादर मात्र आधी कोपरा भिजवून तपासा. मुलांची मऊ खेळणी पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि नंतर धुवा. धुणं विसरलात तर किडे मेले तरी ऍलर्जीचं कारण खेळण्यातच राहतं.

कापसाची गादी धुता येत नाही. तिला घट्ट विणीचं, चेन लावायचं आवरण घाला. छिद्रं 10 मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा, बारीक हवीत. रेक्झिनचं स्वस्त आवरणही चालतं, पण त्यात घाम येतो आणि आठवड्यात लोक ते काढून टाकतात. नुसत्या आवरणानं दमा आटोक्यात येईल, असंही समजू नका. गादी पिंजून घ्यायची असेल तर ज्याला त्रास आहे त्यानं त्या दिवशी घरात थांबू नये. उन्हाचा उपयोग होतो, पण वरच्या थरापुरता. म्हणून गादी मधे एकदा उलटा.

झाडताना कोरडा झाडू आणि फडकं टाळा. फडकं ओलं करून घट्ट पिळा, पंख्याच्या पात्यापासून खाली या, फरशी सगळ्यात शेवटी. पाणी गढूळ झालं की बदला, नाहीतर तीच धूळ दुसऱ्या खोलीत पसरते. व्हॅक्यूमला हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारी, गाळणी नसेल तर बारीक कण मागच्या बाजूनं परत खोलीत येतात. गाळणी असली तरी गादीच्या आतले जिवंत किडे धाग्यांना धरून बसतात, ते त्यानं निघत नाहीत. काम करणाऱ्यानं एन-95 मास्क लावावा. रुग्णानं काम संपल्यावर निदान तासभर त्या खोलीत जाऊ नये.

बुरशीचं थोडक्यात सांगतो. कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं की मागे हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात तिथे काळे ठिपके येतात. चार बोटं अंतर ठेवा. ठिपके साबणाच्या पाण्यानं घासा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग द्या. बुरशीवरच रंग मारला तर पुढच्या पावसात पोपडे धरतात. बाथरूमच्या फरशांना ब्लीच चालतं, पण त्यात संडास साफ करायचं ऍसिड कधीही मिसळू नका; क्लोरीन वायू निघतो.

राहिली झुरळं. त्यांची विष्ठा आणि मेलेल्या झुरळांचा भुगा, दोन्हींनी दमा उसळतो. लोक झुरळं मारायचं जेलही लावतात आणि त्याच ओट्यावर स्प्रेही मारतात. मग स्प्रेच्या वासानं झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत. रात्री सिंक कोरडं करा, खरकटं झाकून ठेवा, बिजागऱ्यांपाशी आणि सिंकखाली जेलचे मुगाएवढे ठिपके द्या. मेलेली झुरळं दिसली की ओल्या कागदानं उचला. मग ओट्याखालचे त्यांच्या विष्ठेचे काळे, मिरपुडीसारखे डाग साबणाच्या पाण्यानं पुसून काढा.