रुग्णाला त्याचा दिवस विचारा

वैद्यकीय समाजसेवक म्हणजे बिलात सवलत मिळवून देणारा माणूस, असा समज रुग्णालयाबाहेर आहे आणि आतही आहे. तुम्ही वॉर्डात रुजू व्हाल तेव्हा तुमच्याकडे येणारी पहिली चिठ्ठी बहुधा पैशाचीच असेल. ते काम मन लावून करा. औषधावाचून कुणी परत निघालं असेल, तर त्या घडीला त्याहून मोठं काम नाही.

या पदाची सुरुवातच पैशाच्या चौकशीतून झाली. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना नेमलं, ते ऐपत असलेली माणसं फुकट उपचार घेत नाहीत ना, हे पाहायला. चौकशी करता करता, रुग्णाला कसली मदत लागेल आणि ती कुठून मिळेल, हे शोधणंही त्या कामात आलं. १९०५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेवेचं काम सुरू केलं. रुग्णाचं घर आणि त्याचा कामधंदा कळल्याशिवाय उपचार अपुरे राहतात, अशी त्यांची धारणा होती. पुढे आयडा कॅनन यांनी ते काम वर्षानुवर्षं वाढवलं.

घर आणि कामधंदा कळायचा कसा? मी एकच सांगते, रुग्णाला त्याचा दिवस विचारा.

हृदयाच्या आजाराच्या एक बाई धाप लागून, पाय सुजून पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हायच्या. केस पेपरवर शेरा होता, ‘औषधं नियमित घेत नाही.’ मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, ‘सकाळी उठल्यापासून काय काय करता, सगळं सांगा बघू.’ स्वयंपाक, मुलांची शाळा, मग गाडी, मग दिवसभर उभ्यानं काम. मध्येच त्या थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘ती सकाळची गोळी घेतली की सारखं जावं लागतं. कामावर सोय नाही हो.’ अंगातलं जादा पाणी काढणारी तीच गोळी त्या टाळत होत्या! हे मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी विचार करून गोळीची वेळ बदलून दिली, कामावरून घरी आल्यावरची. वेळ बदलायचा निर्णय त्यांचाच, आपण तो परस्पर कधीही घ्यायचा नाही. पण ही अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचवणारं कुणीतरी लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत त्यांना तेवढी उसंत नसते.

क्षयाच्या रुग्णांचंही असंच. नेहमीच्या उपचारांना साधारण ६ महिने लागतात, पण काही आठवड्यांतच बरं वाटू लागतं. हातावर पोट असलेला माणूस तेव्हा हिशेब करतो, आता खोकला नाही, मग तपासणीसाठी रोजगार का बुडवायचा? त्याला ‘बेफिकीर’ म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

डिस्चार्जचा विचार ॲडमिट झाल्या दिवसापासून करा. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी कूस कोण बदलणार? शौचाला नेणार कोण? जिना आहे का? ‘आम्ही करू’ असं नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यातलं नेमकं कोण, हे विचारा. बहुतेकदा ते एकाच बाईवर येतं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. तिच्याशी वेगळं बोला. आत्महत्येचा प्रयत्न, घरातली मारहाण, एचआयव्ही, यांबद्दल नातेवाइकांच्या देखत अवाक्षर काढू नका. मारहाण करणारा माणूस कधी कधी सर्वांत काळजीनं उशाशी बसलेला असतो.

आणि नोंद लिहिताना ‘कुटुंब सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. ‘मुलगा दिवसपाळीला, सून बाळंतपणाला माहेरी, दुपारी घरी फक्त म्हातारे वडील’ असं लिहा. त्यावर दुसऱ्या दिवशीच्या राउंडला डॉक्टर आणि सिस्टर काहीतरी ठरवू शकतात.